कुचंबलेले चुंबक

विद्यार्थी मित्रांनो, समजा, वाशिमच्या एखाद्या शाळेत कबड्डीसाठी मुलांची दोन संघांत वाटणी करायची आहे. रिसोड, कारंजा व मानोरा येथून आलेल्या तीन मुलांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. कोणालाही दुसरा आपल्या संघात नको. कशीही वाटणी करा, एक जोडी तरी एका संघात येणारच! एकूण वाटण्या २ × २ × २ = ८. त्यांपैकी दोन वाटण्यांत तिन्ही जोड्या नाराज, तर उरलेल्या सहांत एकच. पूर्ण समाधान कोठेच नाही, पण त्यातल्या त्यात बऱ्या वाटण्या मात्र सहा!

अशी कुचंबणा पदार्थातही आढळते. तांब्यात थोडे मँगनीज मिसळले, की त्याचे अणू वाटेल तेथे विखुरतात. मँगनीजचा प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबक असतो. सोयीसाठी त्याची दिशा फक्त 'वर' किंवा 'खाली' मानू. परस्परांतील अंतरानुसार काही जोड्या एकाच दिशेत राहू पाहतात, काही विरुद्ध दिशांत. तापमान पुरेसे उतरले, की हे चुंबक काचेतील रेणूंप्रमाणे अस्ताव्यस्त स्थितीतच गोठतात. म्हणून अशा पदार्थास 'स्पिन-काच' म्हणतात.

१९७५ मध्ये शेरिंग्टन व कर्कपॅट्रिक यांनी प्रत्येक चुंबकाचा इतर सर्वांशी संबंध आहे असे मानून याचे गणित मांडले. निरपेक्ष शून्याजवळ उत्तर विचित्र आले : एन्ट्रॉपी ऋण! एन्ट्रॉपी ही शक्य मांडण्यांच्या संख्येच्या लॉगरिथमच्या प्रमाणात असते. लॉगरिथम ऋण, म्हणजे संख्या १ हून कमी. पण निदान एक तरी मांडणी असणारच ना?

मग चूक कोठे होती? गणितासाठी एकाच पदार्थाच्या अनेक प्रती कल्पून, कोणत्याही दोन प्रतींतील साम्य सारखेच असते, असे गृहीत धरले होते. इटलीच्या जॉर्जो पारिसी यांनी १९७९ मध्ये हे गृहीत सोडून दिले. आपल्या सहा वाटण्या आठवा : बऱ्या मांडण्या अनेक असतात, काही एकमेकींसारख्या, काही अगदी निराळ्या. हे मानताच ऋण एन्ट्रॉपीची अडचण दूर झाली. पारिसींच्या सूत्राची काटेकोर सिद्धता फ्रान्सचे मिशेल तालाग्रां यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. २०२१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात पारिसी वाटेकरी होते.

हा विचार चुंबकांपुरता राहिला नाही. अमेरिकेच्या जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये अशाच प्रतिमानावरून स्मृतीचे जाळे मांडले. सांख्यिकीय भौतिकीतील २०२२ चे बोल्ट्झमान पदक त्यांना आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केलेल्या दीपक धर यांना मिळून देण्यात आले.

तेव्हा मित्रांनो, अशक्य उत्तर आले तर ते लगेच खोडू नका. आपण काय गृहीत धरले होते, ते आधी तपासा.

करून पाहा : चार मुले चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर उभी आहेत. तीन बाजूंवर मैत्री आहे, चौथीवर भांडण. मित्र एका संघात हवेत, भांडणारे वेगळ्या. १६ वाटण्यांपैकी सर्वांत कमी नाराजीच्या किती? (उत्तर : ८)