गाडीचं वेड आहे, मग मोटोक्रॉसच्या मैदानावर मुलं का नाहीत?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या वर्गात रोज बसणाऱ्या मुलांचा आहे. मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात मी सहज विचारलं, "मोटारसायकल कुणाकुणाला चालवता येते?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. त्यात दोन मुलीही होत्या. मग विचारलं, "मोटोक्रॉस हा खेळ कुणाला माहीत आहे?" एकही हात वर आला नाही. एक जण म्हणाला, "मॅडम, ते रीलमध्ये चाक वर करतात, तेच का?"

ते नाही. चाक वर करून गर्दीच्या रस्त्यानं जाणं हा स्टंट झाला. मोटोक्रॉस हा खेळ आहे. त्याला मैदान, नियम, पंच, प्रशिक्षक आणि वयोगट असतात. या दोन गोष्टींमधला फरक आपल्या मुलांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तो सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

मोटोक्रॉस म्हणजे काय?

मातीचा, चढउतारांचा, वळणावळणाचा, साधारण दीड किलोमीटर लांबीचा बंद मार्ग आखतात. सगळे खेळाडू एका ओळीतून एकदम सुटतात आणि ठरलेला वेळ फेऱ्या मारतात. या खेळाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. तिथे १९२४ मध्ये झालेली शर्यत या खेळाची पहिली शर्यत मानतात. हाच खेळ स्टेडियममध्ये माती आणून, उंचवटे बांधून खेळला की त्याला सुपरक्रॉस म्हणतात.

यातली गाडी आपल्या दारातल्या गाडीसारखी नसते. तिला हेडलाइट नसतो, नंबर प्लेट नसते, ती रस्त्यावर आणताच येत नाही. तिच्या शॉकअपना खालीवर व्हायला साधारण ३० सेंटिमीटर वाव असतो. आपल्या रोजच्या गाडीत तो १० ते १३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. मुलांसाठी ५०, ६५ आणि ८५ सीसीच्या छोट्या गाड्या वेगळ्या बनवतात. डोक्याला पूर्ण हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, छाती, कोपर आणि गुडघ्याला संरक्षण, पायात जाड बूट असल्याशिवाय खेळाडूला ट्रॅकवर सोडत नाहीत.

आता आपल्या भागातला तेरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. पायात चप्पल, डोक्यावर काही नाही, मागे दोन मित्र बसलेले, आणि गाडी वडिलांची. जास्त धोका कोण पत्करतोय?

आपण गाड्या बनवतो, पण खेळ शिकवत नाही

आपल्या बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथे २०१२ पासून वेस्पा स्कूटर बनते. अलीकडे तिथेच एप्रिलियाची आरएस ४५७ ही स्पोर्ट्स बाइकही बनते आणि परदेशात जाते. आपल्याच जिल्ह्यात चाकणला केटीएमच्या गाड्या बनतात. म्हणजे ज्या कंपन्यांची नावं जगातल्या शर्यतींत घेतली जातात, त्यांच्या गाड्या आपल्या गावांतली माणसं पाळीला जाऊन जोडतात. पण त्याच कामगाराच्या मुलाला मातीच्या ट्रॅकवर रीतसर शिकायचं म्हटलं, तर तालुक्यात कुणाकडे पाठवायचं, हे आपल्याला सांगता येत नाही.

मी ज्यांच्याकडे माझी स्कूटी दुरुस्तीला देते ते मिस्त्री साठीच्या घरातले आहेत. त्यांना मी विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "मॅडम, आमच्या वेळी आरएक्स १०० होती. त्याच गाडीवर दूध घालायचं, आणि शर्यत असली की मडगार्ड, लाइट काढून पोरं पुण्याला, कोल्हापूरला जायची. जास्त नव्हती, पण जायची. आता पोरं माझ्याकडे येतात ती फटाके फोडणारा सायलेन्सर बसवून मागायला."

त्यांचं बोलणं मला महत्त्वाचं वाटलं. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. गाडी हलकी, शंभर किलोच्या आसपास, आणि कुठल्याही गॅरेजात उघडता येणारी. देशभर मातीच्या शर्यतींत ती पळाली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक गाड्या बंद पडत गेल्या. नियम योग्यच होते. पण कामाची आणि खेळाची गाडी एकच असण्याचे दिवस त्याबरोबर संपले. आता खेळासाठी गाडी वेगळीच घ्यावी लागते.

मुलं कमी का? चार कारणं

१. खर्च. कावासाकीची केएक्स २५० ही मोटोक्रॉसची गाडी आपल्याकडे गेल्या काही वर्षांत सात-आठ लाखांच्या घरात राहिली आहे. हे गणित मी वर्गात उसावर घातलं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. आठ लाखांसाठी किती टन ऊस लागेल? उत्तर आलं सुमारे २२५ टन. एकरी चाळीस टन धरले तर साडेपाच एकरांहून जास्त ऊस, तोही तोडणी-वाहतूक आणि खताचा खर्च न धरता. वर्ग शांत झाला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा तर दोनच एकर आहे." यावर हेल्मेट, बूट, टायर, पेट्रोल, प्रवास आणखी वेगळा.

२. जागा. या खेळाला काही एकर मोकळी जमीन लागते. शिवाय आवाजाचा आणि धुळीचा शेजाऱ्यांना त्रास नको. पूर्वी गावाबाहेर माळरान असायचं. आता जिथे पाणी पोचलं तिथे ऊस आहे आणि जिथे रस्ता पोचला तिथे प्लॉटिंग. ही गोष्ट फक्त आपली नाही, परदेशातही शहरं वाढली तसे जुने ट्रॅक बंद पडले आहेत. पण गावानं मनावर घेतलं की जागा निघते, हेही आपण पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि जत्रांमधून मैदानं पुन्हा सजली.

३. शिडी नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणारं मूल शाळेतून तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं चढत जातं. क्रीडाशिक्षक असतात, दहावीला क्रीडागुण असतात, त्यामुळे पालकही पाठवतात. मोटोक्रॉसला शाळेपासूनची अशी शिडी नाही. देशात या खेळाचं नियमन करणारी संस्था आहे, तिच्या परवान्यानं स्पर्धाही होतात. पण वाडीवस्तीवरच्या मुलाला तिथपर्यंत नेणारी पहिली पायरीच नाही.

४. भीती. ही भीती खोटी नाही. सी. एस. संतोष हा २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. तोही मातीवरच्या शर्यतींतूनच पुढे आला. २०२१ च्या डकारमध्ये पडून त्याच्या डोक्याला गंभीर मार बसला. एवढा तयारीचा, एवढं संरक्षण घातलेला खेळाडू पडतो, तर आपल्या मुलाचं काय, असं आईला वाटणारच. हा खेळ सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे पडलेल्याला उचलायला माणूस आणि रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून ट्रक येत नाही.

'नको' म्हटल्यावर मुलं काय करतात?

आता जे सांगायचंय ते मला सोपं नाही.

चार वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेत यायचा. घर लांब, एसटीची वेळ जुळायची नाही, वडील कारखान्यावर. एके दिवशी केंद्रशाळेत एक कागद तातडीनं द्यायचा होता. मी त्याला म्हणाले, "जा रे बाळा, पटकन देऊन ये." पंधरा मिनिटांत तो परत आला. मी सगळ्या वर्गासमोर त्याला शाब्बास म्हटलं.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, संध्याकाळी क्लासवरून येताना तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रेलरवर मागून आदळला. ट्रेलरला रिफ्लेक्टर नव्हता, याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जबडा आणि पाय मोडला, पायात रॉड बसला, शाळेचं एक वर्ष गेलं. मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, "मॅडम, लहानपणापासून चांगली चालवायचा हो. तुम्हीपण म्हणायचात की."

ती मला दोष देत नव्हती. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. "चांगली चालवतो" असं आम्ही दोघी म्हणत होतो, म्हणजे नक्की काय म्हणत होतो? क्लच-गिअर जमतो, एवढंच. पुढचा धोका ओळखणं, अंतर राखणं, अंधारात वेग कमी करणं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मोटोक्रॉसचा प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून नजर कुठे ठेवायची, ब्रेक कधी आणि किती दाबायचा, पडायचं कसं, हे शिकवतो. आपण मात्र किल्ली देतो, नाहीतर किल्ली लपवतो. मधलं काहीच करत नाही.

कायदाही आपण वाचलेला नसतो. १८ वर्षांखालच्या मुलाला मोटारसायकल चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पालकसभेत मी हे वाचून दाखवलं तेव्हा बरेच बाप खाली मान घालून बसले होते.

शाळेत काय करता येईल?

मोटोक्रॉसचा ट्रॅक बांधणं आपल्या हातात नाही. पण पहिली पायरी आपण नक्की बांधू शकतो.

• अंतराचा पाठ: ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी सुमारे ११ मीटर जाते, ६० च्या वेगात सुमारे १७ मीटर. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच एवढं अंतर जातं. मैदानावर टेप धरून फक्कीनं रेषा मारा आणि मुलांना चालत मोजू द्या. फळ्यावरच्या गणितापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

• सायकलचा मातीमार्ग: मैदानाच्या कोपऱ्यात दोन लहान उंचवटे, एक वळण, एक अरुंद पट्टी. सर्वांत हळू पोचेल आणि पाय टेकणार नाही तो जिंकला, अशी शर्यत घ्या. तोल, नजर आणि ब्रेक या तीनही गोष्टी यात येतात. हेल्मेटशिवाय कुणालाही सोडू नका. दोन हेल्मेट आळीपाळीनं पुरतात.

• खऱ्या खेळाडूंची ओळख: बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिनं २०१९ मध्ये बाहा प्रकारात महिलांचं जागतिक विजेतेपद मिळवलं. केरळचा हरिथ नोआ आधी सुपरक्रॉसचा राष्ट्रीय विजेता होता, त्यानं २०२४ च्या डकारमध्ये रॅली-२ गट जिंकला. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे हेही या खेळातलं ओळखीचं नाव. २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. मुलांना रीलमधल्या पोरांऐवजी ही नावं कळू द्या.

• पालकांसाठी: मुलाला खरंच आवड असेल तर त्याला एकदा अशी स्पर्धा दाखवायला घेऊन जा. शर्यतीइतकंच आधीची तयारी दाखवा. बूट बांधायला किती वेळ लागतो, गाडी किती वेळा तपासतात, पंचांनी झेंडा दाखवला की सगळे कसे हळू होतात. ते पाहिल्यावर घरच्या गाडीकडे बघण्याची नजर बदलते.

आमच्या शाळेत मागच्या शनिवारी सायकलची शर्यत झाली. ज्याच्याबद्दल वर लिहिलं तो मुलगा आता दहावीत आहे. थोडा लंगडतो. मी बोलावलं म्हणून आला, आणि उंचवटा किती उतरता ठेवायचा हे त्यानंच ठरवलं. लहान मुलं त्याचं ऐकत होती. जाताना म्हणाला, "मॅडम, हे आमच्या वेळी का नव्हतं घेतलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. केंद्रशाळेचे कागद आता मी स्वतः नेऊन देते.

तुमच्या वर्गातही तो पहिला प्रश्न एकदा विचारून बघा. किती हात वर होतात ते मोजा, आणि त्या मुलांना आपण काय शिकवलंय याचा विचार करा. सायकलचा उपक्रम घेतलात तर अनुभव जरूर कळवा.