स्मृतिभ्रंश : वागण्यामागील कारण शोधू या

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे कुटुंब विस्मरणापेक्षा त्याच्या बदललेल्या वागण्याने अधिक थकते. तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचे आहे’ असा धोशा लावणे, चोरीचा आळ घेणे, आंघोळीस नकार देणे, रात्रभर जागणे हा हट्ट नव्हे. ती मेंदूच्या विकाराची लक्षणे होत. डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णेची हकीकत मांडली, तिच्यातही पतीविषयीचा संशय हे आरंभीचे लक्षण होते.

असे वागणे एकाएकी वाढल्यास प्रथम शारीरिक कारण पाहावे : लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दातदुखी किंवा नवे औषध. जी वेदना सांगता येत नाही, ती वागण्यातून प्रकट होते. प्रसंगाची वेळ आणि त्याआधी काय घडले, हे वहीत टिपावे. वाद न घालता ‘हरवलेली’ वस्तू सोबत शोधावी. सायंकाळी दिवे लवकर लावावेत. ‘अस्तु’ (२०१३) या मराठी चित्रपटातील वृद्ध प्राध्यापक हत्तीमागे जात हरवतात. आपल्या नाशिकला तर सिंहस्थाची गर्दी! रुग्णाच्या खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक असावाच.

शांत करणारी औषधे हा पहिला उपाय नव्हे. मनोविकारांवरील काही औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अल्प मात्रेत व मर्यादित काळच ती द्यावीत.

हा भार एकट्या सुनेवर वा लेकीवर टाकू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सांभाळणाऱ्यास विसावा मिळाला, तरच रुग्णास माया मिळते.