कांजिण्या: घरात कुणाला होऊन गेल्या, कुणाला नाही?

हिवाळा सरत आला की दवाखान्यात कांजिण्यांचे रुग्ण वाढू लागतात. शाळकरी मुलाला घेऊन आलेले आईवडील त्याचा ताप, खाज आणि बुडणारी शाळा यांबद्दल विचारतात. मी त्यांनाच उलट विचारतो, "तुम्हा दोघांना होऊन गेल्या आहेत का? घरात कुणी गरोदर आहे का?" मूल आठवड्याभरात खेळायला लागेल. खरी काळजी असते ती घरातल्या मोठ्यांची.

कांजिण्या हा मुलांचा आजार, हा आपला समज थंड हवेच्या देशांत बराचसा खरा आहे. तिथे लस येण्यापूर्वी दहातल्या नऊ मुलांना वयात येण्याआधीच हा आजार होऊन जात असे. उष्ण कटिबंधात मात्र तो अनेकांना उशिरा गाठतो. वाडी-वस्तीवर वाढलेली मुलगी अठराव्या वर्षी शहरातल्या वसतिगृहात येते आणि तिथे पहिल्यांदाच या विषाणूच्या तावडीत सापडते. म्हणून 'आता या वयात कशाला होतील?' या भरवशावर राहू नका.

वयानुसार हिशोब

पहिले काही महिने: आईला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर तिची प्रतिपिंडे बाळाला मिळतात, पण हे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते.

एक ते बारा वर्षे: लस घेतलेली नसेल तर या वयातली बरीच मुले असुरक्षित असतात. आजार बहुधा सौम्य असतो, तरी फोड खाजवून पू होणे, न्यूमोनिया किंवा मेंदूला सूज येणे क्वचित घडते.

तेरा ते चाळीस: आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते या वयोगटाकडे. यातल्या अनेकांना नकळत, अगदी चार-दोन फोडांवर कांजिण्या होऊन गेलेल्या असतात, पण ज्यांना झालेल्या नाहीत त्यांची संख्याही लहान नाही. मोठ्या वयात न्यूमोनियाचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९५मध्ये लस येण्यापूर्वी एकूण रुग्णांत प्रौढ जेमतेम पाच टक्के असत, मृत्यूंमध्ये मात्र त्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता.

साठीच्या पुढे: बहुतेकांना कांजिण्या होऊन गेलेल्या असतात. पण तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबा धरून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की नागीण होऊन वर येतो. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून नातवंडाला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड झाकून ठेवा.

लसीचे गणित

जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७०च्या दशकात ही लस तयार केली. भारताच्या सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यात द्यावा. दुसऱ्याची वेळ बालरोगतज्ज्ञ सांगतील, पण तो चुकवू नका. एका डोसनंतरही काहींना सौम्य कांजिण्या होतात. तेरा वर्षांपुढे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

यात एक मेख आहे. थोड्याच मुलांनी लस घेतली तर विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. मग लस न घेतलेली मुले लहानपणी वाचतात आणि मोठेपणी, जास्त धोक्याच्या वयात, सापडतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस आणायची तर किमान ८० टक्के मुलांपर्यंत ती पोहोचली पाहिजे. शेजारच्यांची मुले लस घेतात म्हणून आपली सुरक्षित, असे मानू नका.

घरात कांजिण्या आल्या तर

अंगावर फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजार पसरतो. घरात ज्यांना प्रतिकारशक्ती नाही, अशा दहा जणांपैकी नऊ जणांना तो होऊ शकतो. त्यांना फोड दिसायला १० ते २१ दिवस लागतात. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

मोठ्या माणसाला फोड आले तर पहिल्या चोवीस तासांत डॉक्टरांना दाखवा, विषाणूविरोधी गोळ्या तेव्हाच जास्त उपयोगी पडतात. तापाला पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नका. आंघोळ बंद करू नका, फोड न चोळता कोमट पाण्याने अंग धुवा आणि नखे कापा. कडुनिंबाची पाने उशाशी ठेवायला हरकत नाही, पण त्यापायी औषध थांबवू नका.

गरोदर स्त्री, नवजात बाळ, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांचा संपर्क आला असेल तर फोड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गरोदरपणात ही लस देत नाहीत. लस घेतल्यावरही महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. म्हणून लग्न ठरलेल्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या मुलींनी आधीच खात्री करून घ्यावी.

खात्री कशी करायची? पहिल्यांदा आईला किंवा आजीला विचारा. 'हो, झाल्या होत्या' हे उत्तर बहुधा भरवशाचे असते. 'आठवत नाही' असे उत्तर आले, तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करा किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने थेट लस घ्या. आधी प्रतिकारशक्ती असलेल्याने ती घेतली तरी अपाय होत नाही.