बॉबिन भरणे : गोधडी शिवणाऱ्यांसाठी एक पाठ

आम्ही इतिहासाचे शिक्षक. वसतिगृहातील शिवणवर्गाची सायंकाळची देखरेख आमच्याकडे आली, तेव्हा शिवणयंत्राविषयी आमचे ज्ञान पुस्तकीच होते. पहिल्याच हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मशीनवर शिवायला घेतली. वरची शिवण सरळ होती. पण टाके कुठे घट्ट, कुठे सैल पडत होते. आम्ही तिला म्हणालो, "हाताला वळण नाही, लक्ष दे." तिने निमूटपणे चार ओळी उसवल्या, पुन्हा शिवल्या. दोष तसाच राहिला. पुढे मशीन साफ करताना खरे कारण सापडले. बॉबिन भरताना धाग्याला ताण देणाऱ्या दोन लहान चकत्यांमध्ये कापसाच्या तंतूंचा बोळा अडकला होता. चकत्या मिटतच नव्हत्या. त्यामुळे धागा सैल गुंडाळला जात होता आणि शिवताना तो झटक्याझटक्याने सुटत होता. मुलीच्या हातात काहीच दोष नव्हता. वर्गात आम्ही कारणमीमांसा शिकवतो, पण त्या दिवशी कारण न शोधताच ठपका ठेवून मोकळे झालो. हा पाठ त्या चुकीतून जन्मला आहे.

बॉबिनचे काम

हाती शिवलेल्या गोधडीत एकच धागा धावतो. शिवणयंत्राला दोन धागे लागतात : एक सुईतून येणारा, दुसरा खालच्या बॉबिनमधला. एलियास हो यांना १८४६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्याचे तत्त्व हेच होते. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या थरांच्या मधोमध बसली, तर टाका उत्तम. दोहोंपैकी एकाचाही ताण बिघडला, की गाठ वर किंवा खाली ओढली जाते. गोधडीचे थर जाड असल्याने हा बिघाड साध्या कापडापेक्षा तिच्यात लवकर दिसतो.

भरण्याची रीत

१. हातचाकाच्या मधोमध असलेला गोल स्क्रू ढिला करावा. त्यामुळे चाक फिरते, पण सुई वर-खाली होत नाही.

२. रीळ खुंटीवर ठेवून धागा ताणाच्या दोन चकत्यांमधून घ्यावा. तो चकत्यांच्या आत नीट बसला आहे, हे हाताने किंचित ओढून पाहावे. ओढताना हलका विरोध जाणवला पाहिजे.

३. बॉबिन रिकामी असावी. जुन्या धाग्यावर नवा धागा कधीही गुंडाळू नये. धाग्याचे टोक बॉबिनच्या छिद्रातून बाहेर काढून बॉबिन वाइंडरच्या दांड्यावर घट्ट बसवावी.

४. वाइंडर दाबून त्याचे रबर चाकाला टेकवावे. बाहेर काढलेले टोक धरून काही फेरे होऊ द्यावेत, मग थांबून ते टोक मुळाशी कापावे.

५. पायडल मध्यम, एकसारख्या वेगाने चालवावे. पॉलिएस्टरचा धागा घाईने भरला, तर ताणला जातो आणि शिवल्यावर आकसून कापडाला चुण्या पाडतो.

६. बॉबिन काठोकाठ भरू नये. काठापासून थोडी जागा मोकळी राहावी. अतिभरलेली बॉबिन डबीत अडखळते.

७. शेवटी हातचाकाचा स्क्रू पुन्हा घट्ट करावा. हे विसरल्यामुळे "मशीन बिघडली" अशी तक्रार आमच्याकडे कितीदा तरी आली आहे!

भरलेल्या बॉबिनची परीक्षा सोपी आहे. धाग्यावर नखाने दाबावे. नख रुतले, तर भरणी सैल आहे. ती सोडून पुन्हा भरावी. धागा एका बाजूला ढीग करून बसत असेल, तर ताणाच्या चकत्यांची पट्टी रिकाम्या बाजूकडे किंचित सरकवावी.

गोधडीसाठी विशेष

हिशोब आधी करावा. २ मीटर लांब व १.५ मीटर रुंद गोधडीवर ५ सेंटीमीटर अंतराने उभ्या ओळी घातल्या, तर कडा सोडून २९ ओळी होतात. म्हणजे शिवणच ५८ मीटर झाली. धागा थरांच्या आत उतरत असल्याने प्रत्यक्षात तो याहून अधिक लागतो. पहिल्या बॉबिनमध्ये किती ओळी निघाल्या ते मोजावे आणि त्या मानाने उरलेल्या बॉबिन एकदमच भरून ठेवाव्यात. ओळीच्या मध्येच धागा संपला, तर सुई नुसती भोके पाडत जाते आणि टाका बसत नाही. म्हणून नवी ओळ सुरू करण्यापूर्वी बॉबिन पाहण्याची सवय लावावी. खालचा व वरचा धागा शक्यतो एकाच जाडीचा घ्यावा आणि तितक्याच थरांच्या तुकड्यावर आधी शिवून पाहावे.

निगा

जुन्या सुती कापडातून तंतू फार गळतात. म्हणून प्रत्येक गोधडीनंतर ताणाच्या चकत्या, बॉबिनची डबी आणि वाइंडरचा दांडा मऊ ब्रशने झाडावा. चकत्यांमधून कोरड्या कापडाची कडा फिरवली, की अडकलेला बोळा निघतो. दांड्याच्या बुडाशी धागा गुंडाळला गेला असेल, तर तो कात्रीच्या टोकाने अलगद सोडवावा. दांडा जिथे फिरतो तिथे मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरे. रबरावर तेल मुळीच लागू देऊ नये; तेलकट रबर घसरते आणि बॉबिन रखडत भरते. लागलेच तर कोरड्या फडक्याने पुसावे. रबर कडक झाले किंवा तडकले, तर बदलावे. काठ वाकलेली वा गंजलेली बॉबिन काटकसर म्हणून जपून ठेवू नये. तिच्यावर वाया जाणारा धागा तिच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गोधडीच्या खालच्या बाजूस धाग्याचा गुंता झाला, तर सारे बॉबिनलाच दोष देतात. त्याचे मूळ बहुधा वरच्या धाग्यात असते : तो ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. दोष जिथे दिसतो तिथेच तो उपजतो, असे नाही. म्हणून क्रम ठरवून तपासावे : आधी वरचा धागा, मग सुई, मग डबी, मग बॉबिनची भरणी. इतके पाहून झाल्यावरच शिवणाऱ्याच्या हाताकडे वळावे.

त्या विद्यार्थिनीने गोधडी पूर्ण केली. आम्ही तिच्यापाशी आपली चूक कबूल केली. तेव्हा तिने शांतपणे विचारले, "सर, मग त्या चार ओळी उसवल्या नसत्या तरी चाललं असतं का?" नसते चालले, त्या ओळी सैलच होत्या. पण त्या उसवताना ती स्वतःला दोष देत होती, तेवढे मात्र टळले असते. आमच्या शिवणवर्गात आता मशीनशेजारी एक ब्रश दोरीने बांधलेला असतो. शिवायला बसण्यापूर्वी तो हाती घ्यावा, एवढीच या पाठाची अपेक्षा.