गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुन्या गाडीचा गिअर पडेनासा झाला की चेन्नईतले बरेच मेकॅनिक बोनेट न उघडताच निदान सांगतात: "क्लच पोयिडुच्चु, सार." क्लच गेला. म्हणजे प्लेट बदला, गिअरबॉक्स उतरवा, गाडी ठेवून जा. माझ्या स्टँडर्ड हेराल्डचं असंच झालं. नवी प्लेट बसली, बिल भरलं, आणि परत येताना सैदापेटच्या सिग्नलला पेडल तळापर्यंत दाबलेलं असतानाच गाडी पुढे सरकायला लागली. काढलेली प्लेट मी मागून घेतली होती. तिचं अस्तर अजून चांगलं जाड होतं. खरा दोष निघाला मास्टर सिलिंडरमधल्या एका रबरी सीलमध्ये.

हेराल्ड ही या शहराचीच गाडी. मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने ट्रायम्फसाठी आखलेली ही गाडी १९६१ पासून पेरुंगळत्तूरजवळच्या स्टँडर्ड मोटरच्या कारखान्यात बनू लागली. क्लचला तार नाही. पेडल मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल ढकलतं, ते नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातं, त्याचा दांडा फोर्क ढकलतो आणि प्लेट सुटते. गंमत अशी की बोनेट पंखांसकट पुढे उलटत असल्याने मास्टर डोळ्यांसमोर असतो. गिअरबॉक्स मात्र सीट, कार्पेट आणि मधलं कव्हर काढून केबिनमधून उचलावा लागतो. सोपं सोडून अवघडाला आधी हात का घालायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. इंजिन गर्जतंय पण गाडी त्या मानाने पळत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे; तो आजार बहुतेक वेळा प्लेटचाच असतो. गिअर पडताना खरखर होते किंवा पेडल दाबूनही गाडी सरकते, म्हणजे प्लेट सुटत नाही, आणि इथेच लोक फसतात. हेराल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे त्याच्या आवाजावरून काही ठरवू नये. गाडी उभी, इंजिन मंद, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही दात घासले तर क्लच सुटत नाही हे नक्की.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची: स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजा. मधलं कव्हर काढा, कुणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि दांड्याला पट्टी लावा. माझ्या गाडीत तो साधारण अर्धा इंच सरकायला हवा. माझा त्याच्या निम्माही सरकत नव्हता. दांडा पूर्ण सरकूनही प्लेट सुटत नसेल, तरच दोष आतला: झिजलेला फोर्क, किंवा पावसाळाभर उभ्या गाडीत गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट. दांडा कमी सरकत असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारणच नाही.

मग तेल कुठे जातं ते शोधा. डबीतली पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे. पेडलच्या वरचा भाग चाचपून बघा, ओलसर लागेल. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे मास्टरखालचा रंग फुगलेला असतो. तिथे कोरडं असेल तर स्लेव्हचं रबरी टोपण उचला. पातळी जागेवर आहे, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं आणि गाडी सरकू लागते, तर मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. दोन-तीनदा झपाझप दाबल्यावर गिअर नीट पडत असेल तर सील झिजलंय किंवा आत हवा आहे. हवा काढूनही जात नसेल, तर स्लेव्ह उलटा बसवलाय का ते पाहा. हवा काढायचं निपल वरच्या बाजूलाच हवं. आणि पेडलची पिन! तिचं भोक अंडाकृती झालं असेल तर पेडलची बरीचशी चाल तिथेच वाया जाते. ही पिन किरकोळ किमतीची, पण ती तपासायचं कुणाच्या मनात येत नाही.

चेन्नईची हवा या सिलिंडरांची वैरी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तळाशी गंज धरतो, बोअरला खड्डे पडतात आणि नवं सील त्या खड्ड्यांवर काही महिन्यांत फाटतं. म्हणून नुसतं किट बदलण्याआधी बोअरवरून नख फिरवा. नख अडकलं तर अंबत्तूरकडच्या चांगल्या लेथवाल्याकडून पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या. पुदुपेटच्या जुन्या बाजारात "हाच बसतो" म्हणून दुसऱ्या गाडीचा सिलिंडर मिळेल. आधी बोअर मोजा. पाऊण इंचाच्या जागी पाच-अष्टमांश इंचाचा मास्टर आला तर तेवढ्याच चालीत सुमारे ३० टक्के तेल कमी ढकललं जातं आणि नव्या पार्टसकट जुनी तक्रार परत येते. डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल कुणालाही घालू देऊ नका, त्याने प्रत्येक सील फुगतं. डॉट ३ पुरेसं आहे, फक्त दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, आणि बाटली ताजी फोडलेली असू द्या.

जीएसटी रोडवर क्लच अचानक गेलाच तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि किल्ली फिरवा. स्टार्टर गाडी ढकलेल, इंजिन पेट घेईल. ॲक्सिलरेटर किंचित सोडला की गिअर न्यूट्रलला येतो, आणि वेग जुळला तर दुसराही पडतो. सिग्नल लागला की पुन्हा इंजिन बंद. रात्री उशिरा, रस्ता मोकळा असताना हे जमतं. संध्याकाळी कत्तिपाऱ्याच्या गर्दीत असा प्रयोग करू नका, सरळ टोइंगवाल्याला बोलवा.