उभे पीक आणि खळ्यातली रास

उमेदवार 'भरघोस' मतांनी निवडून येतो, सभेत आश्वासनांचे 'पीक' येते, व्यापाऱ्याला 'सुगीचे दिवस' येतात. शेतातले शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यांना कधी मातीचा वास होता याचेही भान राहत नाही. त्यात वावगे काही नाही. भाषा अशीच वाढते. परंतु राज्यकर्ता जेव्हा खऱ्याखुऱ्या पिकाबद्दलही रूपकातच बोलू लागतो, तेव्हा काय होते? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते महायुद्धोत्तर सोव्हिएत रशियाचे.

आपला शेतकरी उभ्या पिकाचा आकडा सहसा बोलत नाही. कापणी, मळणी, उफणणी होऊन खळ्यात रास पडली की मगच माप लागते, आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. उभ्या कणसात पाखरांचा, अवकाळी पावसाचा आणि गळतीचा वाटा असतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

सोव्हिएत सरकारने मात्र १९३३ पासून नेमके उलटे केले. कापणीपूर्वी शेतात उभ्या असलेल्या पिकाचा अंदाज हेच अधिकृत उत्पन्न धरले जाऊ लागले. त्याला नावही शास्त्रीय दिले : 'जैविक उत्पन्न'! सुरुवातीला गळतीसाठी काही वजावट होई. पुढे तीही बंद झाली. हा केवळ कागदी खेळ नव्हता. सरकारी ट्रॅक्टर-ठाण्यांना यंत्रकामाचा मोबदला म्हणून सामूहिक शेतांना धान्यच द्यावे लागे, आणि ते किती हे या अंदाजावर ठरे. म्हणजे अंदाज फुगला की देणे फुगे. देणी भागवून जे उरेल ते शेतकऱ्याच्या श्रमदिवसांवर वाटायचे. न पिकलेल्या धान्याचा हिस्सा पिकलेल्यातून जाई, हा या पद्धतीचा खरा अर्थ!

१९४६ साली युद्धाने खचलेल्या त्या देशात दुष्काळ पडला. युक्रेन, मोल्दाव्हिया व मध्य रशियात १९४६-४७ मध्ये इतिहासकारांच्या अंदाजाने १० ते १५ लाख माणसे दगावली. त्याच काळात धान्याची निर्यात चालूच होती. दुष्काळाची जाहीर वाच्यता नव्हती. राजमुद्रेवर गव्हाच्या ओंब्या होत्याच. आणि १९५० साली इव्हान पिर्येव्ह यांचा 'कुबानचे कोसॅक' हा संगीतपट आला, तर त्यातल्या सामूहिक शेतांच्या जत्रेत कशाची म्हणून वाण नव्हती. रूपकाला दुष्काळ ठाऊक नसतो.

ऑक्टोबर १९५२ मध्ये पक्षाच्या १९व्या अधिवेशनात मालेन्कोव्ह यांनी जाहीर केले की, यंदाचे उत्पन्न ८०० कोटी पूड, म्हणजे सुमारे १३ कोटी १० लाख टन आहे, आणि धान्याचा प्रश्न कायमचा सुटला आहे. (एक पूड म्हणजे सुमारे १६.४ किलो.) गंमत अशी की, स्टालिनच्या मृत्यूनंतर ऑगस्ट १९५३ मध्ये याच गृहस्थांनी सांगितले की, देशाची भरभराट शेतात उभ्या पिकावर नव्हे, कोठारात आलेल्या धान्यावर होते. आमच्या गावचा कोणीही म्हातारा हे सांगू शकला असता!

डिसेंबर १९५८ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी खरा आकडा उघड केला : १९५२ साली कोठारात आले होते फक्त ५६० कोटी पूड, सुमारे ९ कोटी २० लाख टन. मधले जवळजवळ ४ कोटी टन कोठे गेले? काही शेतातच गळले, बाकीचे अंदाजातच पिकले होते. अर्थात हा सत्यशोधनाचा उमाळा काही निर्मळ नव्हता. मालेन्कोव्ह आदल्या वर्षीच पदच्युत झाले होते, आणि जुने उत्पन्न लहान दिसले की ख्रुश्चेव्ह यांचे नवे मोठे दिसत होते. १९५४ पासून कझाकस्तान व सैबेरियातील पडीक जमीन नांगरण्याची त्यांची मोहीम चालू होती. १९५६ च्या विक्रमी पिकाने ती गाजलीही. पण १९६३ साली पीक बुडाले, पावासाठी रांगा लागल्या, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेकडून गहू विकत घ्यावा लागला.

मग उभ्या पिकाचा अदमास घेऊच नये की काय? तसे नाही. याच प्रश्नाशी आपल्या सातारा जिल्ह्यातील बुधचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे १९४०च्या दशकात झुंजत होते. त्यांचा आग्रह असा की, यदृच्छेने निवडलेल्या शेतातील ठरावीक तुकडा प्रत्यक्ष कापावा, मळावा आणि दाणे तोलावेत. त्यातही त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तुकडा फार लहान घेतला की उतारा हमखास जास्त दिसतो. कारण साधे होते. दोरीच्या अगदी कडेवर एखादे ताट आले की, ते आत धरावे की बाहेर, अशा वेळी मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितके त्यात अशा कडेच्या ताटांचे प्रमाण अधिक.