जोखीम नाही, म्हणून तपासणी नको?

नवजात बाळाच्या कानांची तपासणी सुचवली की घरच्यांचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे कुणी बहिरं नाही, बाळंतपण सुखरूप झालं, बाळ लगेच रडलं, मग कशाला?’ उत्तर समंजस वाटतं, पण आकडे त्याच्या बाजूने नाहीत. दर हजारात एक ते तीन बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मतात, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या गरोदरपणात वा बाळंतपणात बोट ठेवावं असं काही सापडत नाही. ‘घरात कुणी नाही’ हा दाखला तर फारच लंगडा. आनुवंशिक बहिरेपणाची बहुतेक जनुकं अप्रकट असतात. आईवडील दोघांनाही ठणठणीत ऐकू येतं, आणि दोघांकडून तेच सदोष जनुक आलं तर बाळात दोष उतरतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे आहे, तिथे हा योग जुळण्याची शक्यता वाढते.

मग जोखमीच्या गोष्टींचा काथ्याकूट करायचाच कशाला? एक तर त्यांतल्या काही टाळता येतात. रुबेलाचंच पाहा. आईला अंगावर चार पुरळ आणि किरकोळ ताप, एवढंच. पण पहिल्या तीन महिन्यांत हा विषाणू गर्भाचे कान, डोळे आणि हृदय बिघडवतो; 1941मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं पाहून हा संबंध जोडला. महाराष्ट्रात 2018च्या अखेरीस गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, ती 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याहून मोठ्या असलेल्या मुलींनी लस घेतली आहे का, हे लग्नानंतर तरी विचारायला हवं. ही लस गरोदरपणात देत नाहीत. दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी घ्यावी लागते. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू रुबेलाहून कावेबाज. आपल्याकडे तो बहुतेकींना लहानपणीच होऊन गेलेला असतो, तरी गरोदरपणात पुन्हा डोकं वर काढू शकतो. तो लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो; म्हणून गरोदर बाईने थोरल्या मुलाचं उष्टं खाऊ नये, लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत. संसर्ग झालेली दहातली नऊ बाळं जन्मतः धडधाकट दिसतात, आणि काहींचं ऐकणं पुढे महिन्यावर्षांत कमी होत जातं. जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत लघवी किंवा लाळ तपासली तरच हा संसर्ग गर्भातलाच, असं खात्रीने सांगता येतं.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं: कुठली चाचणी करायची, हे जोखमीवरून ठरतं. नेहमीच्या ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडूक ठेवून टकटक आवाज सोडतात आणि अंतःकर्णाकडून येणारा क्षीण प्रतिसाद टिपतात. काही मिनिटांचं काम, दुखणं अजिबात नाही. पण कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, अशा बाळात अंतःकर्ण शाबूत आणि इजा पुढच्या नसेला, असं होऊ शकतं. मग ओएई ‘पास’ म्हणते आणि बाळाला मात्र नीट ऐकू येत नाही. अशा बाळांची, तसंच जन्मतः गुदमरलेल्या, नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या, जेंटामायसिन किंवा अमिकासिन बरेच दिवस घेतलेल्या, मेंदूज्वर झालेल्या बाळांची बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे पाहणारी तपासणीच व्हायला हवी. ओएईवर भागवू नये.

‘थाळी वाजवली की दचकतो’ ही आजीची परीक्षा पुरेशी नाही. अर्धवट ऐकणारं बाळही थाळीला दचकतं. त्याला ऐकू येत नाही ते ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज. पहिल्या चाचणीत नापास होणारी बरीच बाळं पुढे निर्दोष ठरतात आणि आईवडिलांना उगाच घोर लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पहिल्या दिवसांत कानात राहिलेल्या द्रवामुळे असं होतं. पण त्यावर उपाय काही दिवसांनी फेरतपासणी करणं हा आहे, चाचणीच टाळणं नव्हे. ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणत दोन वर्षं थांबणं त्याहून कितीतरी महाग पडतं, कारण भाषेचा पाया त्याच काळात घातला जातो. पहिली चाचणी महिन्याच्या आत, पक्कं निदान तीन महिन्यांत आणि श्रवणयंत्र किंवा इतर मदत सहा महिन्यांपर्यंत, असा जगभर मान्य असलेला हिशेब आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, तेव्हा खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर श्रवणचाचणीची नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारा.